गोजराबाई बेट बघायला गेली तेव्हा

नेरूळ स्टेशनातून खाडीच्या दिशेनं चालत निघालं की सेक्टरांचे आकडे संपतात आणि एक जुनं गाव लागतं. त्या गावात गोजराबाईचं घर होतं. होतं असंच म्हणावं लागतं, आणि ते कसं गेलं हे सांगताना आजही डोकं फिरतं.

गोजराबाईनं उमेदीची वीस वर्षं मिठागरात काढली. उन्हातान्हात मीठ ओढून तिच्या टाचांना पडलेल्या भेगा पुढे कधी मिटल्याच नाहीत. शहर वसवणारे आले, त्यांनी आधी भातशेती घेतली, मग मिठागर. सासऱ्यानं न वाचता कागदांवर अंगठे उठवले आणि चार महिन्यांत सगळं गेलं. तेव्हापासून गोजराबाई परक्या माणसाच्या कागदाला हात लावत नसे. शिरगणतीवाला मास्तर आला तरी हात पदराखाली. उरलं होतं ते गावठाणातलं कौलारू घर. नवऱ्यानं, सितारामनं, एकेक चिरा स्वतः बसवून बांधलेलं. जाण्याआधी शहाण्यानं ते तिच्या नावावर करून ठेवलं होतं.

मुलगा हितेश बिल्डर झाला. कामोठ्यात त्याच्या दोन इमारती उभ्या राहिल्या आणि मग त्याची नजर आईच्या कौलांवर गेली. तीन वर्षं तो मागे लागला होता. पाच मजले बांधू, तुला तळमजल्यावर फ्लॅट देऊ, संडास घरात. तिचं उत्तर ठरलेलं होतं: मी जिती हाय तवर कौल हलनार नाय. तो चिडायचा, महिनाभर बोलायचा नाही, पुन्हा यायचा.

सत्त्याण्णवची होळी झाली आणि त्याचा सूर एकदम बदलला. आईला परदेश दाखवायचा. ग्रीस म्हणून देश आहे, तिथं बेटं आहेत, समुद्र आहे, मराठी जेवण देणारी टूर कंपनी आहे. तो स्वतः आणि सून उन्नती सोबत असतील. गोजराबाईनं आधी उडवून लावलं, पण पोरगा पाया पडला, सगळ्या गावाला सांगून आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासाठी कुणी काही करतंय म्हटल्यावर म्हातारी विरघळली. मग कागद आले. पासपोर्टचे, व्हिसाचे, विम्याचे. उन्नती शाईचा डबा धरायची आणि हितेश बोट ठेवून जागा दाखवायचा. त्यात एक जाड हिरवट कागद होता, वर छापील शिक्का असलेला. गोजराबाईनं त्यावरही अंगठा दिला. सरकारपासून जपायला ती शिकली होती. पोटच्या पोरापासून जपायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मे महिन्यात ती बेटावर उतरली. बेटाचं नाव तिच्या तोंडात बसलं नाही आणि तिनं बसवायचा प्रयत्नही केला नाही. कंपनीनं सगळ्यांना पांढऱ्या टोप्या दिल्या होत्या. टूर लीडर आशुतोष हा पुण्याचा पोरगेला माणूस, हातात माइक आणि तोंडात सारखं घड्याळ. तिथली गाइडबाई इंग्रजीत सांगायची, हा मराठीत. एका दिवसात सहा ठिकाणं. डोंगरावरून खाली समुद्र बघायचा, पंधरा मिनिटं. निळ्या घुमटाचं देऊळ, पंधरा मिनिटं. पवनचक्की, दहा मिनिटं, त्यातली पाच फोटोला. गोजराबाई प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या आधी खाली उतरायची आणि सगळ्यांच्या शेवटी बसमध्ये चढायची. एवढ्या लांब येऊन ही माणसं समुद्राकडे पाठ करून उभी राहतात, याचा तिला राग येत होता. बंदरावर तिनं वाळत घातलेल्या जाळ्याची गाठ बोटांनी चाचपली आणि काम चांगलं असल्याचं उन्नतीला सांगितलं. उन्नती हसली नाही. सकाळपासून ती हसत नव्हती.

पाचवं ठिकाण म्हणजे एक जुनं घर होतं. आत जायला तिकीट. चुन्यानं रंगवलेल्या जाड भिंती, कोपऱ्यात चूल, चुलीवर काळं भांडं, खुंटीला कोयता, भिंतीला टेकवलेलं मीठ ओढायचं लाकडी फावडं. गोजराबाई फावड्यापाशी थांबली. आशुतोष सांगत होता की इथं एक कोळीण राहायची, ती वारली, गावानं घर जसंच्या तसं ठेवलं. या गावात कुणालाही घर पाडता येत नाही, खिडकी बदलायची तरी परवानगी लागते.

गोजराबाईनं त्याचा हात धरला. पोरालाबी पाडता येत नाय का, एवढं त्या बाईला विचार म्हणाली. आशुतोषनं विचारलं. गाइडबाई हसली आणि म्हणाली, पोरांना तर अजिबात नाही, कायदा त्यांच्यासाठीच केलाय.

म्हातारीचा चेहरा उजळला. ती चुलीपाशी टेकली आणि उन्नतीला बेत सांगायला लागली. पावसाआधी आपल्या घराला चुना काढायचा. दाराला निळा रंग द्यायचा. हितेशही इथं सोबत आलाय हे फार बरं झालं, हे बघून आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडेल.

उन्नतीचे डोळे भरून आले. ती काही वाईट बाई नव्हती, नवऱ्याला घाबरणारी होती.

"आई, घर नाही राहिलं," ती म्हणाली. "परवा पाडलं. काल फोन आला यांना. तुमचा अंगठा आहे कागदावर."

गोजराबाई उठली. बाहेर हितेश सोबतच्या लोकांना शहाळ्याचं पाणी इथं का मिळत नाही ते समजावत होता. ती त्याच्या बाजूनं सरळ गेली आणि बसमध्ये जाऊन बसली.

बस सुटल्यावर आशुतोषनं रिवाजाप्रमाणे माइक फिरवला. कुणी गाणं म्हणावं, कुणी अनुभव सांगावा. सगळ्यांनी आजी, आजी केलं. हितेश नको म्हणत होता. गोजराबाईनं माइक घेतला आणि उभी राहिली.

"मी गोजरा सिताराम. नेरूलच्या बाजूला माजं गाव हाय. मी हितं देवलं बगत होते, तवा ह्या माज्या पोरानं तिकडं माजं घर पाडलं. अंगठा माजाच हाय. फिरायला नेतो म्हनून घेतला. मना दाराबाहेर काडायला इमानात बसवायला लागलं त्याला. टाल्या वाजवा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हितेशचा चेहरा काळाठिक्कर पडला. पुढच्या सीटवरचे श्यामसुंदर नावाचे बँकेतले साहेब मागे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले की आजी, नवीन फ्लॅट मिळेल, लिफ्ट असेल, आम्हीही नेरूळलाच राहतो, खूप सोय आहे. तिनं सेक्टर विचारला. त्यांनी सांगितला.

"त्ये माजं मिठागर," ती म्हणाली. "सोय आसनारच."

साहेब पुढे वळले. त्यांच्या बायकोनं जरा मोठ्यानं म्हटलं की घरातली भांडणं घरी करावीत, सगळ्यांनी इतका खर्च केलाय, सूर्यास्त चुकायला नको. आणि सूर्यास्त चुकला नाही. सहावं ठिकाण वेळेवर आलं. अख्ख्या बसनं उतरून लाल पाण्याचे फोटो काढले. ज्या बाईचं घर गेलं होतं ती बसमध्ये एकटी बसून राहिली आणि तिच्यापाशी थांबावं असं त्या चाळीस शिकल्यासवरल्या माणसांत एकालाही वाटलं नाही. उन्नती दोनदा पायरीपर्यंत आली आणि नवऱ्यानं हाक मारल्यावर परत गेली.

परत आल्यावर गोजराबाई पडलेल्या घराकडे गेली नाही. शेजारच्या राजाबाईच्या पडवीत तिनं पथारी टाकली. हितेश रोज यायचा, कधी हात जोडून, कधी गुरकावून. भाड्याचा फ्लॅट घेतलाय, चल. ती सुकटी निवडत बसायची. दीड वर्षात पाच मजले चढले. हितेशनं वास्तुशांत ठरवली आणि त्याची खरी पंचाईत झाली, कारण आई उंबरा ओलांडून आत आली नाही तर गावातलं एकही माणूस जेवायला थांबणार नव्हतं. पंचांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो मान गावात मिळणार की नाही, हे आता त्या म्हातारीच्या पायांवर होतं.

ती आली. नऊवारी नेसून, राजाबाईला सोबत घेऊन, सकाळी दहाच्या सुमारास. मांडवात बसलेले सगळे उठून उभे राहिले. हितेश धावत पुढे आला आणि खाली वाकला. ती पायऱ्यांपाशी थांबली. आत संगमरवरी फरशी चकचकत होती. लिफ्टच्या दाराला झेंडूची माळ होती.

"मी येते आत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "फकस्त एक दाखव. तुजा बाप ज्या जाग्यावर मेला, ती जागा खंची?"

हितेशनं मागे वळून पाहिलं. मीटरची पेटी, जिना, लिफ्ट, पार्किंगचे खांब. वडील गेले तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, त्यानंच त्यांच्या तोंडात पाणी घातलं होतं. तो दोन पावलं आत गेला, जिन्याकडे सरकला, पुन्हा लिफ्टपाशी आला. खांबांकडे बघून मनात काहीतरी मोजलं.

"हितंच कुटंतरी आसंल, आये," तो म्हणाला.

गोजराबाईनं मान हलवली आणि ती राजाबाईच्या घराकडे चालायला लागली. तिच्या मागून पंच निघाले, पंचांच्या मागून बाया, आणि शेवटी डोक्यावरचा पदर सावरत उन्नतीही निघाली.