मेंढीबाईचा गळा

"ताई, आप्पा गेलं." फोनवर त्यांचा मुलगा एवढंच बोलला. मी दौंडच्या माझ्या छोट्याशा स्टुडिओत कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ कापत बसले होते. पडद्यावर माणसं नाचत होती. मी आवाज बंद केला... आता महिना होऊन गेला. तुमच्या घरात लहान मूल असेल, तर आप्पांना तुम्ही ऐकलेलं आहे, फक्त ओळखत नाही. गावाकडची गाणी गाणाऱ्या जनावरांचा 'मेंढीबाई आणि मंडळी' हा कार्टून अल्बम लावल्याशिवाय पोरं घास घेत नाहीत ना, त्यातली मेंढी, शेळी, कुत्रं आणि तट्टू, चौघंही आप्पाच.

आप्पा इनामगावच्या बाजूला, घोड नदीच्या काठी राहायचे. घर पिढीजात मेंढपाळाचं. वडिलांच्या काळात जमीन झाली, भटकणारे पाय थांबले, तरी आप्पांनी दहा-बारा मेंढरं हट्टानं ठेवली होती. एका लग्नाच्या शूटिंगला मांडवामागं त्यांना ओवी गाताना ऐकलं आणि माझ्या हातातला कॅमेराच खाली आला. काय गळा होता! जात्यासारखा जड, खरखरीत... पण असल्या गळ्याला आज विचारतं कोण? माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, हीच गाणी जनावरांच्या तोंडी घालू, आवाज कॉम्प्युटरवर चढवून बारीक करू, पोरं वेडी होतील. आप्पा हसले. "मेंढरानं गायाचं व्हय? बरं हाय. आजवर मी त्यास्नी गाऊन दावलं, आता त्यास्नी गाऊ द्या."

काम मात्र त्यांनी जीव ओतून केलं. स्टुडिओत चप्पल बाहेर काढून यायचे, माइकला नमस्कार करायचे. "शेळी आगाऊ असती, ती दुसऱ्याची ओळ सरायच्या आदीच तोंड घालनार," असं म्हणून मुद्दाम ताल चुकवायचे. मग चित्रं आली. चित्रकारानं मेंढी काढली होती पांढरीशुभ्र, कापसाच्या गादीसारखी. आप्पांचा चेहरा पडला. "ही कुठली वो? आमची काळी असत्यात, कान लोंबत असत्यात. ही तर साबनानं धुतल्याली पाव्हनी हाय." मी म्हटलं, आप्पा, पोरांना अशीच मेंढी माहीत असते. एवढी एकच गोष्ट मागितली होती त्यांनी, तीही मी केली नाही.

अल्बम धो धो चालला, आणि त्यानंच आप्पांच्या गाण्याचं वाटोळं केलं, हे मी आज स्पष्ट लिहिते. वरवंडजवळच्या एका जत्रेत ते देवाची ओवी म्हणायला उभे राहिले. डोळे मिटलेले, हात कानाला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आप्पा, मेंढीबाईचा आवाज काढा की!" मग दुसरा, मग तिसरा. आप्पा थांबले, डोळे उघडले आणि बारीक आवाजात 'बँऽऽ' केलं. माणसं हसून हसून लोळली. मीही हसले, पुढच्या रांगेत बसून, टाळ्या वाजवत. परतताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "देवाम्होरं मेंढरू झालो, ताई." त्यानंतर त्यांनी चार माणसांत कधी ओवी म्हटली नाही. मला माफी मागायची होती. आज जाऊ, उद्या जाऊ, लगीनसराई सरली की जाऊ... झालं, राहूनच गेलं.

दहाव्याला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, मावशींनी, मला बाजूला घेतलं. "त्यांचा सादा आवाज हाय का तुमच्यापाशी? कारटूनचा नगं." मी विचारलं, ऐकायला हवाय का? "मला कशाला? माझ्या कानात हाय की. मेंढरं माघारी येईनात वो. नदीकडं चरत्यात, सांज झाली तरी हलत न्हाईत. कितीबी बोलवा, ढिम्म. पोरगं म्हनतंय इकून टाकू. त्यांची हाळी असंल तर मोबाईलवर लावीन म्हनते."

हाळी होती. अल्बममधलं दुसरं गाणं त्या हाळीनंच सुरू होतं. तिच्यासाठी एका दुपारी मी आप्पांना वीसेक वेळा तरी ओरडायला लावलं होतं. दौंडला येऊन मी सगळ्या हार्डडिस्क पालथ्या घातल्या. मूळ रेकॉर्डिंग कुठंच नव्हतं. जागा भरली म्हणून मीच ते उडवलं होतं, लोकांच्या लग्नांसाठी. चढवलेला आवाज खाली उतरवून बघितला, तर कुणातरी आजारी माणसाचा वाटला, आप्पांचा नाही. आग लागो माझ्या शहाणपणाला! पोटभर रडले आणि दुसऱ्या दिवशी तेच तोंड घेऊन इनामगावला गेले.

मावशी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "हाय ते लावा," म्हणाल्या. दिवस कलला होता. आम्ही दोघी बांधावर गेलो. मी मोबाईल उंच धरला, मेंढीबाईची बारीक हाळी नदीपर्यंत गेली. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. मावशींनी पदर तोंडाला लावला. मग मला काय झालं कोण जाणे... मोबाईल पर्समध्ये टाकला आणि ती वीसदा ऐकलेली हाळी माझ्याच गळ्यानं दिली. आधी जिभेनं टक् टक्, मग लांब "हुर्याऽऽ", शेवटी आप्पा तोडायचे तशी तोडून. तिसऱ्यांदा दिली तेव्हा पुढची मेंढी वळली, तिच्यामागं बाकीची. निम्म्या रानापर्यंत आली, मला बघितलं आणि सगळी जागच्या जागी थांबली.

मावशींनी माझ्या दंडाला धरलं आणि चार पावलं पलीकडं नेलं. तिथं बांधावर दोन पावलांएवढी जागा होती, गवत नसलेली, तुडवून घट्ट झालेली. "हितं उभ्या ऱ्हावा," त्या म्हणाल्या, "ते हितनंच बोलवायचं."

मी चप्पल काढली, त्या जागेवर उभी राहिले. चुकले हो आप्पा, एवढंच तोंडातून आलं. मग हाळी दिली. मेंढरं निघाली, बांध चढून वर आली, दोन्ही अंगांनी मला घासत गोठ्याकडं गेली. एकीनंही माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.