पिवळी सूचना
प्रोग्राम लिहिताना पडद्यावर पिवळी सूचना दिसली की मला पिंगुळीतला तो मांडव आठवतो. चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या कलेच्या, दालनाचं उद्घाटन होतं आणि हारतुऱ्यांमागे चित्रंच दिसत नव्हती. पाहुण्यांनी बटण दाबलं की, जन्मभर या कथा सांगत आलेल्या माझ्या बाबांच्या आवाजात कथा सुरू होणार होती. घशाच्या आजाराने आवाज जाण्याआधी मी तो रेकॉर्ड करून ठेवला होता. प्रोग्रामच्या मूळ क्लासमध्ये, म्हणजे साच्यात, यंत्राचा आवाज होता आणि त्यावरून काढलेल्या क्लासमध्ये, त्याच नावाच्या मेथडमध्ये, म्हणजे कृतीत, बाबांचा. मी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेला; तिथे नवी मेथड आपोआप जुनीची जागा घेते. इथे वापरलेल्या सी-शार्प भाषेत मूळ क्लासने तशी मुभा द्यावी लागते आणि नव्याने ती घेतल्याचं लिहावं लागतं, नाहीतर मूळ क्लासच्या नावाने बोलावलं की जुनीच चालते. पिवळी सूचना हेच सांगत होती. घाईत मी ती वाचली नाही. बटण दाबताच यंत्र बोललं. पाहुण्यांनी भरपूर टाळ्या वाजवल्या, त्यांनी बाबांना कधी ऐकलंच नव्हतं. शेजारी बसलेले बाबा कुजबुजले, "माझो आवाज बरो नाय इलो काय रे?" "माझी चूक झाली, बाबा." मी समजूत काढतोय असं त्यांना वाटलं. "आसांदे. मशीन स्वच्छ बोलता." संध्याकाळी दोन शब्द घालून मी चूक सुधारली आणि त्यांना ऐकायला बोलावलं. "मागीर आयकतंय," म्हणाले, पण ते 'नंतर' कधी आलंच नाही. आता दालनात कोणीही बटण दाबलं तरी बाबाच बोलतात. आपला आवाज मुलाला पसंत पडला नाही, असं समजूनच ते गेले.