जाडी आज काय जेवली

थोरल्या जाऊबाईंनी समुद्र घरात आणला, तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. रत्नागिरीत राहायचं, चालत निघालं की मांडवीचा किनारा गाठायचा, आणि ह्यांना शिवणाच्या मशीनशेजारी काचेच्या डबड्यात खारं पाणी हवं! डबडं म्हणजे डबडंच, आमच्या तांदळाच्या डब्याहून लहान. ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या एका बाईंची बदली झाली, त्यांनी जाताना ते ह्यांच्या गळ्यात मारलं. खाली रेती, दोन भोकाभोकांचे दगड, बुडबुडे सोडणारा छोटा पंप आणि बोटाएवढा एक खडकातला मासा. "तळायलाही पुरायचा नाही," असं मी म्हटलं होतं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी त्यांना वहिनी म्हणते. घर एक, चुली दोन. त्या माडीवर, आम्ही खाली. भांडण म्हणाल तर कधी नाही, पण माया म्हणावी असंही काही नव्हतं. मी कधी वाटीभर कालवण वर पाठवलं की त्या चमचाभर चाखायच्या आणि वाटी परत द्यायला आल्या की म्हणायच्या, "मीठ कमी आहे." दर वेळी! मग मी खाली येऊन भांडी आपटायची. माझा स्वभावच तसा आहे, लपवून काय करू?

दोन वर्षांमागे त्यांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनला कोल्हापूरला नेलं. भावोजी, म्हणजे माझे थोरले दीर, त्यांच्यासोबत गेले. निघताना गाडीत बसल्या बसल्या वहिनी एवढंच म्हणाल्या, "माशाला दिवसाआड चिमूटभर घाल. जास्त नको." स्वतःबद्दल अवाक्षर नाही. मी मान डोलावली.

आता चिमूट कोणाची? माझ्या माहेरी, मालगुंडला, चिमूट म्हणजे मूठ. दारात आलेल्या मांजरालाही आम्ही उपाशी पाठवत नाही, आणि हा तर जावेचा मासा, सांभाळायला दिलेला. मी सकाळ-संध्याकाळ जवळा घातला, चांगला भाजून, चुरून. शिवाय उजेड बरा म्हणून टाकी उचलून खिडकीत ठेवली. आठवड्याभरात काच हिरवी झाली, दगडांना शेवाळ आलं, रेतीवर तपकिरी साय धरली. मासा कुठे आहे ते दिसेना. माडीवर असा वास सुटला की शेजारच्या बाईंनी विचारलं, सुकट कुठून आणलीत?

मी घाबरले. खरं सांगते, माशासाठी नाही घाबरले. त्याच दिवशी भावोजींचा फोन आला होता. ऑपरेशन नीट झालं होतं, पण वहिनी काही खात नव्हत्या. "भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. डॉक्टर म्हणतात, तोंडाने जेवण गेलं नाही तर पुढचे उपचार झेपणार नाहीत. मला म्हणते, घरी न्या, झालं तेवढं पुरे." आणि इकडे मी त्यांच्या माशाचं डबकं करून ठेवलेलं! मला वाटलं, ही बाई घरी येऊन मेलेला मासा बघणार, की मासा जिवंत आणि बाईच येणार नाही? दोन्ही नको होतं मला.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. भावोजींनी तो वहिनींच्या कानाला धरला. "कशा आहात?" म्हटलं. नुसता "हं". "थोडं तरी खाल्लंत का?" पुन्हा "हं". "दुखतंय का फार?" तोच "हं". मग माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तुमची टाकी हिरवी झाली हो."

पलीकडे खाट करकरली.

"काय घातलंस?"

"जवळा."

"किती?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगो, मासा आहे तो, जावई नाही." आवाज बारीक होता, पण तो त्यांचाच होता. पुढे पाच मिनिटं त्या बोलत राहिल्या. टाकी खिडकीतून काढ. जवळा बंद. काच घासायला हात घालू नकोस, तुझ्या हाताला सदा साबण. शेवाळ खाणारे आणून सोड, ते आपलं काम आपण करतात. मीच आणणार होते, मध्येच हे दुखणं उपटलं. भावोजी नंतर म्हणाले, ऑपरेशन झाल्यापासून एवढं ती माझ्याशीही बोलली नाही.

मी काय करणार, रविवारी ओहोटी बघून माहेर गाठलं. मालगुंडचे खडक माझ्या पायाखालचे. लहानपणी खडकाला चिकटलेली कालवं फोडायला आईमागून तिथेच जायची. तांबडं फुटल्यापासून वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला, पण डबा भरला. दिसेल ती गोगलगाय उचलली, चांगली गुबगुबीत बघून. शंखात घर केलेले खेकडेही मूठभर. घरी आणून सगळी फौज टाकीत ओतली आणि खूश होऊन झोपले.

सकाळी उठून बघते तर टाकी अर्धी रिकामी आणि घरभर गोगलगायी! एक शिवणाच्या मशीनच्या चाकावर, दोन भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरवर, एक जिन्याच्या कठड्याला. आमच्या ह्यांनी चपलेत पाय घातला आणि असे ओरडले की मला वाटलं, साप आला. मी त्या वेचत वेचतच वहिनींना फोन केला, रागाने. म्हटलं, तुमचे हे सफाईवाले संपावर गेलेत.

त्या हसल्या. भावोजी शपथेवर सांगतील, हसल्या. मग "आई गं" म्हणून थांबल्या. "हसवू नकोस गो, टाके दुखतात."

मग व्हिडिओवर निवड झाली. मी खोलगट बशीत एकेक घ्यायची आणि फोनपुढे धरायची. एखाद्या स्थळाचा फोटो बघावा तशा वहिनी चष्मा लावून बघायच्या. मोबाईलवर बघून बघून त्यांनी बरंच डोक्यात भरून घेतलं होतं. म्हणाल्या, ज्या ओहोटीत कोरड्या खडकावर चिकटून बसतात त्या टाकीतूनही बाहेरच येणार, त्यांची सवयच ती. पाण्याखालून उचललेल्या कुठल्या, त्या दाखव. मग मीही आठवून आठवून वेगळ्या काढल्या. एक टोकदार, काटेरी पाठीची होती, तिला त्या "चालेल" म्हणाल्या. मी म्हटलं, अजिबात नाही. ही कालवाला भोक पाडून आतलं मांस खाते. माझी आई हिला शिव्या घालायची. ही बाकीच्यांना एकेक करून संपवील. वहिनी म्हणाल्या, "बरं, तुझं खरं." एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. बशी हातातून पडायची राहिली.

शेवटी ठरलं ते असं. काच खरवडायला काळ्या, गोल पाठीच्या तीन. रेतीत शिरून ती वरखाली करणारी एक लांबुडकी. दगडांच्या फटीतलं उष्टं वेचायला चवळीएवढे दोन खेकडे. बाकी सगळे परत. मी हट्ट केला, दहाबारा राहू देत की, काम लवकर होईल. तर म्हणाल्या, "आणि काम संपल्यावर खातील काय? कामाला म्हणून कोणी येत नाही गो तिथे, भूक असते म्हणून येतात. काच लख्ख झाली की उपाशी मरतील. जेवढ्यांचं पोट भरेल तेवढेच ठेव." आणि खेकड्यांसाठी दोन रिकामे शंख टाकायला सांगितले. वाढले की त्यांना मोठं घर लागतं, नाहीतर ते गोगलगायीला मारून तिचं बळकावतात. "सातबारा बघत बसत नाहीत ते," असं म्हणून पुन्हा हसल्या, या वेळी पोटावर हात धरून.

उरलेल्या मी एसटीने परत मालगुंडला नेऊन त्याच खडकात सोडल्या. कंडक्टरने डब्यात डोकावून विचारलं, "कालवण का?" मी म्हटलं, "माहेरवाशिणी आहेत, पोचवायला चालले."

तर असं सुरू झालं. पण भावोजी सांगत होते, बोलते खरी, खात मात्र नाही. मऊ पेज आणली की तोंड फिरवते. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी फोन केला तेव्हा वहिनींनी पहिलाच प्रश्न टाकला, "काच कोणी खाल्ली?" मी म्हटलं, सांगणार नाही. आधी तुमचं सांगा, मग गोगलगायींचं. त्या रागावल्या, फोन ठेवला. मीही ठेवला. मी काय कमी हट्टी आहे? दुसऱ्या दिवशी फोन वाजला, भावोजींच्या नंबरवरून वहिनीच. "दोन चमचे पेज," म्हणाल्या, "आता बोल."

मग रोजचा सौदाच झाला. त्या चार चमचे म्हणाल्या की मी पुढच्या काचेचं सांगायची. अर्धी वाटी म्हटलं की दगडाचं. तिघींत एक सगळ्यांत मोठी होती, तिचं नाव आम्ही जाडी ठेवलं. ती जिथून जाई तिथे काचेवर स्वच्छ पट्टा उमटायचा, ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. वहिनींचा सगळा जीव तिच्यावर. "जाडी आज काय जेवली?" हाच प्रश्न. खोटं कशाला बोलू, मलाही नाद लागला. केर काढायच्या आधी मी वर जाऊन जाडीची जागा बघून यायची. मासाही आता नीट दिसायला लागला होता, दगडाच्या भोकातून तोंड काढून बसायचा.

आणि एका सकाळी जाडी रेतीवर उलटी पडलेली. मी सुलटी केली, दुपारी पुन्हा तशीच. वहिनींनी आधीच सांगून ठेवलं होतं, शंका आली तर नाकाशी धर, कळेल. धरली. कळलं. मी तिला मागे अळवात पुरली आणि तिथेच पायरीवर बसून रडले. गोगलगायीसाठी, हो. हसा खुशाल.

संध्याकाळी काय सांगायचं, दिवसभर तेच घोकत होते. फोन आला, वहिनी म्हणाल्या, "आज वाटीभर पेज खाल्ली. पूर्ण. आता सांग, जाडी?" वाटीभर! आता खरं कसं सांगू? माझ्या तोंडून आलं, "जाडीने आज मागची काच घेतली खायला. अर्धी संपवली." त्यानंतर रोज मी जाडीला जेवू घातलं. मागची काच झाली, बाजूची झाली, पंपाची नळी झाली. व्हिडिओ लाव म्हणाल्या की जाडी दगडाआड असायची. मरून गेलेली ती गोगलगाय जिवंतपणी खाल्लं नसेल एवढं जेवली.

उपचार झाले. झेपले. वहिनी घरी आल्या तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या, डोक्याला रुमाल, पण जिना स्वतः चढल्या. भावोजी मात्र बरेच गोल झालेले, शर्टाची बटणं ताणलेली. वर गेल्या त्या सरळ टाकीपुढे स्टूल ओढून बसल्या. पाणी काचेसारखं होतं. मासा भोकातून बाहेर आला. वहिनींनी बोट लावून मोजलं. दोन काळ्या. रेतीतली एक. खेकडे दोन, त्यांतल्या एकाने घर बदललेलं.

"जाडी?"

मी दारात उभी. म्हटलं, "वहिनी, गेली ती."

"कधी?"

"तुम्ही वाटीभर पेज खाल्लीत, त्या दिवशी."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग भावोजींकडे. भावोजी पंख्याकडे बघायला लागले.

"ती वाटी ह्यांनी खाल्ली गो," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या आधीच्याही ह्यांनीच. मला एक घास गिळवत नव्हता. तू फोन ठेवशील म्हणून सांगत होते."

मला हसावं की रडावं कळेना. मी भावोजींच्या पोटाकडे बघितलं.

"मग त्या दिवशी तू म्हणालीस, जाडीने अर्धी काच संपवली. रात्रभर मला लाज वाटत राहिली. म्हटलं, एवढीशी गोगलगाय ती, आणि मी हिला खोटं सांगतेय. दुसऱ्या दिवशी खरी खाल्ली. दोनच घास. पण तिथून पुढे सगळं खरं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आणि तू ते सांगितलंस तेव्हा ती मेलेलीच होती?"

मी जाऊन त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाडं लागत होती हाताची. आम्ही दोघी रडलो, मग हसलो, मग टाके आठवून थांबलो. टाके केव्हाच काढलेले होते, ते भावोजींनी सांगितलं.

त्या खडकांचे, त्या एसटीचे, त्या अळवाखालच्या जाडीचे किती उपकार मानू? या घरात मी नवरी म्हणून आले तेव्हापासून त्या माडीवर होत्या, आणि मला थोरली बहीण मिळाली ती अशी, हिरव्या झालेल्या पाण्यातून.

डोळे पुसून झाल्यावर वहिनींनी विचारलं, "खाली काय केलंयस जेवायला?" हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी धावत गेले. मुगाची आमटी, मऊ भात, वर तूप. ताट घेऊन वर आले, त्यांच्या मांडीवर ठेवलं. टाकीकडे बघत बघत त्यांनी एक घास घेतला, मग दुसरा.

"मीठ कमी आहे," वहिनी म्हणाल्या, आणि ताट पुढे केलं, "आणि भात वाढ."