दोन तारांवरचा लेथ

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो. रोज संध्याकाळी झाडला तरी सकाळी पायाला टोचायला हजर. आमचा लेथ ज्या वर्षांत घरच्या दिव्याच्या लायनीवर चालला, त्या वर्षांतल्या गोष्टींचंही तसंच आहे. कितीही सांगून टाकल्या तरी कोपऱ्यात चार राहतातच. आमचे मालक म्हणतात, "तू सांगतीस तेवढं काय घडलं न्हाई." घडत होतं तेव्हा ते मशीनला तेल देत होते, त्यांना काय ठाऊक! मी चौथी शिकलेली बाई. डोळ्यांनी बघितलेलं सांगायला तेवढं शिक्षण पुष्कळ झालं.

*

पोलीस अ‍ॅक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. मालकांनी हैदराबादेत लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून लोखंड कातायचा हा लेथ आणला. सोबत विजेची मोटार. मोटारीला तारा तीन, आमच्या घरात आलेल्या दोन. तीन तारा फक्त बाजारात, तेलाच्या गिरणीपर्यंत. आमच्या घरीही तीन द्या म्हणून वीजघरात अर्ज दिला होता, पण तो कुठल्या फडताळात झोपला ते देवाला माहीत.

मिस्त्री काशिमभाई हैदराबादेत काम शिकून आलेले. त्यांनी मोटारीच्या आतली जोडणी बदलली, दोन तारा जोडल्या, तिसरं टोक कापडात गुंडाळून ठेवलं. बटण दाबलं. मोटार भुंग्यासारखी घुमायला लागली, पण फिरेना. तापली, वास सुटला, बटण बंद. असं तीनदा झालं. मालकांनी नारळ फोडला. मोटार नारळानंतरही घुमलीच.

मी चुलीपासून बघत होते. मला वाटलं, हिला फिरायचं तर आहे, फक्त पहिलं पाऊल कुणीतरी टाकून द्यायला पाहिजे. ताकाच्या रवीची दोरी आणली, मोटारीच्या चाकाला तीन वेढे दिले आणि म्हटलं, दाबा बटण. दोरी ओढली. मोटार जी सुटली ती दोरीसकट. दोरीचं टोक मालकांच्या पाठीवर असं बसलं, की दोन दिवस ते पालथे झोपले.

काशिमभाईंनी चष्मा पुसून मोटारीकडं बघितलं. मग म्हणाले, "अक्का, ये किताब में नै था."

त्या दिवसापासून दोरी ओढायचं काम माझं. वेढे सैल द्यायचे, गाठ मारायची नाही. आधी मोटार मोकळी पळवायची, मग पट्टा लेथवर सरकवायचा. ताकासाठी दुसरी दोरी आणली, कारण पहिल्या दोरीला तेलाचा वास लागला होता आणि तोच वास आठ दिवस ताकालाही होता.

*

एकदा मी चार दिवस माहेरी, खटकचिंचोळीला गेले. काशिमभाई गुलबर्ग्याला लग्नाला. मालक एकटे. परत आले तर हे कपाळाला हात लावून बसलेले. म्हणाले, लोखंड कापतच न्हाई, हत्यार नुसतं किंचाळायलंय. तीनदा धार लावून झाली होती. मी विचारलं, दोरी कुणी ओढली? म्हणाले, मीच की.

आमचे मालक डावरे. त्यांनी वेढे उलटे दिले, मोटार उलटी पळाली, लेथही उलटा. चार दिवस माणूस उलट्या मशीनसमोर उभा राहून हत्याराला शिव्या देत होता.

मला मात्र त्या मोटारीचा नादच लागला. उजवीकडून ओढली, उजवीकडं पळाली. डावीकडून ओढली, डावीकडं. स्वयंपाक टाकून दुपारभर तेच बघत बसले. काशिमभाई आल्यावर विचारलं, "हिला सोताचं तोंड कुठं हाय ते कळत न्हाई का?"

ते म्हणाले, "दो तार का झटका झूले के सरीका अक्का, आता-जाता रैता. किधर जाना वो तिसरा तार दिखाता. वो नै तो तुम दिखाओ."

मला हे फार पटलं. रात्री जेवताना मालकांना म्हटलं, ऐकलं का, ह्या घरातली तिसरी तार मी हाय. मान वर न करता म्हणाले, "ठाव हाय. लग्नापासनं झटका बसायलाय."

*

दोरी ओढली की अख्ख्या गल्लीचे दिवे तांबडे व्हायचे. मोटारीनं वेग धरला की पुन्हा पांढरे. शेजारच्या शिवम्मा अक्का त्यावरनंच वेळ ओळखून भाकऱ्यांना बसायच्या.

एका संध्याकाळी त्यांच्या मुलीला बघायला राजेश्वर गावची मंडळी आली. मुलगी उप्पिटाच्या बशा घेऊन बाहेर आली आणि नेमका दिवा तांबडा झाला. मुलगी आत गेली, दिवा उजळला. नवऱ्या मुलाच्या आत्याबाई तिथंच म्हणाल्या, हिच्या पायानं उजेड जातोय, आम्हाला नको. शिवम्मा अक्का मागच्या दारानं रडत माझ्याकडं.

मी होते तशी गेले, हाताला काळं तेल. आत्याबाईंना म्हटलं, पोरगी आतच राहू दे, तुम्ही दिव्याकडं बघा. खिडकीतनं मालकांना हाक दिली, "दोरी वडा!" उलटी का होईना, त्यांनी ओढली. दिवा तांबडा. बंद करून परत ओढायला लावली. तांबडा. तिसऱ्यांदाही तांबडा.

म्हटलं, "दिवा आमच्या मोटारीपायी जायलाय. मोटारीचा पाय वाईट असंल तर मोटारीला सून करून घेऊ नका."

नवरा मुलगा उप्पीट खाता खाता हसून ठसकला. तिथंच ठरलं लग्न. शिवम्मा अक्कांनी एवढंच सांगितलं, मुहूर्ताला तेवढी मोटार बंद ठेव. मुहूर्त भर दुपारचा होता, तरी ठेवली.

*

दिव्यांची कुणीतरी वीजघरात तक्रार केली. कुणी केली ते मला माहीत आहे, पण तो अजून समोर राहतो. लाईन इन्स्पेक्टर चौकशीला येतोय अशी बातमी आधीच आली. दिव्याच्या लायनीवर मोटार लावायची नाही असा नियम. सापडली तर लाईन तोडणार, आणि लाईन तुटली की आमचं पोटच बंद. दुसरा धंदा नाही, शेत नाही.

मोटार बंद केली, वर घडी करून गोधडी टाकली. थंडीचे दिवस. इन्स्पेक्टर आले, किडकिडीत, मफलर गुंडाळलेले. बसा म्हणायच्या आत त्याच गोधडीवर बसले. मी चहा दिला. लेथ बघून विचारलं, कसा चालवता? मी म्हटलं, हातानं. त्यांनी मान हलवली. चहा संपला तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "अक्का, बसायला बरं वाटायलंय. गोधडी खालनं कामून तापली?"

मी कपबशी उचलायला वाकले. त्यांनीच गोधडी उचलली. आठ दिवसांची मुदत दिली. मोटार काढा, न्हाईतर मी येऊन तार तोडतो. चहा चांगला होता म्हणाले आणि गेले.

ते आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. मालक अर्जाचा तपास करायला रोज वीजघरात जायचे आणि रोज "उद्या" घेऊन यायचे. मोटार काढावी तर आज बंद, न काढावी तर आठव्या दिवशी बंद. आम्ही काढली नाही.

*

आठव्या दिवशी सकाळपासून गावातली वीज गेलेली. दहाच्या सुमाराला इन्स्पेक्टर सायकलवरनं आले. एका खिशातनं पक्कड काढून ओट्यावर ठेवली. दुसऱ्या खिशातनं पितळेचा फुटका बुश, दांड्यावर बसणारी नळी, काढला. वीजघरातल्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा. पंप बंद म्हणून इंजिन बंद, इंजिन बंद म्हणून गाव बंद. तेलगिरणी बंद, दवाखान्यातलं पाणी बंद. आणि तालुक्यात लेथ एकच, आमचा.

म्हणाले, "पहिलं हे करून द्या."

मी म्हटलं, "देते की. वीज आणा."

 काशिमभाई हसू दाबायला बाहेर गेले आणि बाहेरनंच ओरडले, अक्का, बंडी!

शिवम्मा अक्कांची बैलबंडी अंगणात आणली. आसाखाली लाकडी ठोकळे देऊन एक चाक जमिनीपासून उचललं आणि चाकावरनं लेथपर्यंत मोटेचा सोल, म्हणजे जाड दोर, घातला. आता चाक फिरवायला माणूस पाहिजे. मालक सोल सांभाळत होते, काशिमभाई हत्यारापाशी, शिवम्मा अक्कांच्या घरची माणसं शेतात. एका अंगाला मी उभी राहिले. इन्स्पेक्टरांनी मफलर काढला आणि दुसऱ्या अंगाला आले.

"साहेब, उलटं न्हाई. माझ्याकडं."

दोन तास फिरवलं. दर चार फेऱ्यांनी त्यांना दम लागायचा, मी थांबू द्यायची नाही. हाताला फोड आले, शर्ट पाठीला चिकटला. काशिमभाईंनी पितळेच्या तुकड्यातनं नवा बुश हळूहळू कातला आणि फुटक्याच्या मापाशी ताडून बघितला. नेमका जुळला. इन्स्पेक्टर सायकल दामटत वीजघराकडं गेले. पक्कड ओट्यावरच राहिली.

तासाभरात गावात वीज आली. आणि इन्स्पेक्टरही परत आले, पक्कड न्यायला. ओट्यावर बसले, मांडीवर तक्रारीचा कागद ठेवला आणि फोडांच्या हातानं खाली उर्दूत दोन ओळी लिहिल्या. सही केली. मला म्हणाले, बघा. मला उर्दू येत नाही. मी कागद काशिमभाईंकडं दिला. त्यांनी चष्मा लावला, एकदा मनात वाचला आणि मग मोठ्यानं वाचला:

"इस घर का लेथ हाथ से चलता है. मैं खुद चला के देखा."