वहीतली खोडलेली ओळ

धुळ्याच्या कॉलेजातल्या एक बाई तान्ह्या मुलांचा अभ्यास करायला आमच्या गावी आल्या होत्या. आई बाळाशी किती बोलते, ते त्या ओसरीवर बसून वहीत लिहीत. सासऱ्यांसमोर आपल्या लेकराचे लाड करायचे नाहीत, अशी आमच्याकडची रीत. सासरे ओसरीवरच होते, म्हणून मी लांब बसून शेंगा फोडत राहिले.

"आमनी सून मुकी शे, बाई," सासूबाई हसल्या.

बाईंनी लिहिलेलं मी चोरून वाचलं, ‘आई बोलत नाही.’ मला रडू आलं. पाणी द्यायच्या निमित्ताने मी त्यांना आत नेलं. लेक झोळीत जागी होती, झोळीवर उन्हाचे कवडसे हलत होते. मी लेकीला रोजच्यासारखी रानातल्या मोराची गोष्ट सांगू लागले, ती हुंकार देत राहिली. वर पाहिलं, तेव्हा बाईंनी ती ओळ खोडली होती आणि लिहायचं सोडून त्या नुसत्या ऐकत होत्या.