खाडीच्या वाटेवरच्या कुंड्या

इंदूताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात शुद्धलेखन घालत होते. हॉस्पिटलातून माणूस आला होता. अर्धं राहिलेलं वाक्य मी पुरं सांगितलं, वह्या गोळा केल्या आणि निघाले. रडू आलं नाही. पोटाच्या दुखण्यानं ती इतकी झिजली होती की काय व्हायचं ते आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी तिनं मला एवढंच विचारलं होतं, "शांते, जेवलीस का?" आता दीडेक महिना होत आला. लोक भेटतात, "हुशार होती हो तुमची बहीण" म्हणतात, आणि पुढं त्यांनाही काही सुचत नाही. मला सांगण्यासारखं थोडं आहे, म्हणून लिहिते.

इंदूताई माझी मावसबहीण. पुण्याला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, काही वर्षं तिथल्याच एका बागेत नोकरी केली. पुढं ठाण्याच्या खाडीपलीकडे बेलापूरच्या रस्त्याला कारखाने उभे राहू लागले, तेव्हा रबाळ्याच्या एका कारखान्यात ती बागेची देखरेख करायला लागली. तिनं लग्न केलं नव्हतं, माझं मोडलं होतं. ठाण्यात दोन खोल्या घेऊन आम्ही दोघी राहत होतो. सकाळी कारखान्याची बस यायची आणि बसभर पुरुषांत ही एकटी बाई खिडकीशी बसून जायची.

कारखान्याच्या दारापुढं सिमेंटच्या मोठाल्या कुंड्या होत्या, आत माणूस मांडी घालून बसेल एवढ्या. उद्घाटनासाठी त्यांत गुलाब हवेत, असं साहेबांनी ठरवलं. इंदूताई म्हणाली, इथं खाडीचा खारा वारा आहे, उन्हात सिमेंट तापतं, गुलाब टिकणार नाहीत. पण गुलाब आले, समारंभात शोभले, फोटोतही आले... आणि होळीपर्यंत त्यांच्या नुसत्या काटक्या उरल्या. साहेब तसे सरळ गृहस्थ. म्हणाले, "बाई, आता तुमच्या मनानं करा."

मग काही दिवस तिनं झाडं आणलीच नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ती आसपासच्या गावांतून, मिठागरांच्या कडेकडेनं हिंडायची. कुणी पाणी न घालता काय जगतंय ते आधी बघायचं, ही तिची रीत. कुंड्या रिकाम्या करून तळाची भोकं मोठी करून घेतली, विटांचे तुकडे घातले, वर रेती मिसळलेली माती. दाराशी सदाफुली आणि जास्वंद, आडोशाला लिली. कण्हेर तिथं उत्तम आली असती, पण गावच्या शेळ्या तोंड लावतील आणि मरतील म्हणून तिनं ती घेतली नाही. "झाड शोभतं की नाही ते मागाहून," म्हणायची. "त्याच्याजवळून कोण जातं ते आधी." दोन पावसाळे त्या कुंड्या बहरून होत्या. एकदा मी मुद्दाम बघायला गेले होते. कुंडीच्या कडेवर टेकून ती मला एकेक झाड दाखवत होती, आणि आजूबाजूचे लोक बघताहेत याचं तिला भानही नव्हतं. तिला तसं खुललेलं मी फार वेळा पाहिलं नाही.

पुढं कारखान्याच्या मागच्या अंगाला, खाडीकडून, तारेची भेंडोळी चोरीला गेली. तिथं भिंत व्हायची होती आणि मधून गावाची जुनी वाट जात होती. खाडीवरून मासळी घेऊन कोळणी त्याच वाटेनं रस्त्याला लागत. साहेबांनी ठरवलं, भिंत होईपर्यंत वाटेवर कुंड्या आडव्या लावायच्या आणि त्यांत घायपात घालायचा. घायपाताची पानं तलवारीसारखी, टोकाला सुईसारखा काटा. कुणी शिरायचं नाव काढणार नाही. झाडं निवडायचं काम अर्थात इंदूताईचं.

दुसऱ्या दिवशी ती त्या वाटेवर जाऊन उभी राहिली. ठमाबाई नावाची एक कोळीण पाटी घेऊन येत होती. कुंड्यांची बातमी गावात पोचलीच होती. ती थांबली नाही, चालता चालता बोलली. इंदूताईनं ते घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं.

"बाय, माजी सासू याच वाटंनं गेली. डोक्याव पाटी हाय, खाली बगाला मिलत नाय. काटा घुसला त मी कुनाला सांगू?"

इंदूताईनं घायपात मागवला नाही. पांढऱ्या चाफ्याच्या फांद्या लावल्या, आणि दोन कुंड्यांमध्ये पाटी घेतलेली बाई सहज जाईल एवढी जागा सोडली. लावणीच्या दिवसांत चाफ्याला पान नसतं. साहेब बघायला आले तर कुंड्यांतून नुसते बोडके सोट उभे.

"बाई, या काठ्या कसल्या? आणि मधे जागा सोडलीत, मग कुंड्या कशाला?"

"गाड्या अडतील, साहेब. चोरीचा माल गाडीतूनच गेला असणार. पायी जाणारी माणसं अडवायची असतील, तर ती झाडं मी लावणार नाही."

"मग दुसरं कुणी लावील."

"लावू दे," ती म्हणाली.

महिन्याभरात एका कंत्राटदारानं चाफे उपटून घायपात लावला, कुंड्या एकमेकींना भिडवल्या. उपटलेल्या फांद्या गावातल्या बायकांनी नेल्या म्हणतात. जगल्या की नाही, तिनं विचारलं नाही. तिची बदली टाइम ऑफिसात झाली. पगार तोच, काम कामगारांची हजेरी-कार्डं लावायचं. मी म्हटलं, पुण्याला परत जा, बागेत घेतील. तर म्हणाली, "तिथंही कुणीतरी साहेब असेलच." शेवटपर्यंत ती त्याच खुर्चीवर होती. कोळणी आता ओहोटी बघून चिखलातून लांबचा वळसा घेत. बसच्या खिडकीतून त्या दिसायच्या. ते तिनं एकदाच सांगितलं, परत कधी नाही.

गेल्या आठवड्यात ठाण्याच्या मासळीबाजारात ठमाबाईच भेटली. मी तिला ओळखत नव्हते. कुणाला तरी रबाळ्याचं काही सांगत होती, म्हणून मी नाव विचारलं. इंदूताईचं सांगितलं. हातातला कोयता तिनं खाली ठेवला.

"बाय गेली व्हय..." म्हणाली. पाटीवरचं ओलं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "आमची वाट त बंदच झाली. पन त्ये काटं तिनं लावलं नाय, सगल्या गावाला ठावं हाय."

मासे घेतले आणि घरी आले.

आमच्या मोरीत, नळामागच्या कोनाड्यात, घासायला नारळाच्या काथ्याची एक किशी आहे. कारखान्याच्या बागेवर असताना इंदूताई घरी आली की कशालाही हात न लावता आधी मोरीत जायची आणि कोपरापर्यंत हात धुऊन त्या किशीनं नखांतली माती काढायची. टाइम ऑफिसात गेल्यावर हाताला माती कुठली? तरी ती रोज तसंच करत राहिली. कार्डांची शाई एका बोटाला लागलेली असायची, ती दहाही नखं घासायची, मन लावून. मी चहा ठेवायची आणि तो घासण्याचा आवाज थांबायची वाट बघायची. तिनं यायचं, पदराला हात पुसायचे, आणि मग आमची संध्याकाळ सुरू व्हायची.

किशी मी काढलेली नाही. वाळून कडक झाली आहे. शाळेतून आले की मी चहा ठेवते, आणि आधण उकळून आटत आलं तरी भुकटी टाकायचं सुचत नाही.