पिवळ्या कंठाची जोडी

भिवंडीतल्या एका कारखान्यात, फोल्डिंग खात्यात काळूराम चेकर होता. लूमवरून उतरलेलं कोरं कापड टेबलावरून सरकत जाई आणि तो त्यातली खोट शोधी. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली वीण. दिसली की खडूनं भोवती गोल काढायचा आणि खाली आपला नंबर घालायचा, सतरा. सव्वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या चुकांभोवती गोल काढत आला होता. चांगल्या कापडावर काही लिहायची पद्धत नव्हती. ते नुसतं पुढे जाई.

शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी तो गळ्यात जुना कॅमेरा अडकवून खारबावला थोरल्या बहिणीकडे, राहीबाईकडे जाई. तिच्या घरामागे भाताची दोन खाचरं आणि पलीकडच्या बांधावर एक म्हातारा पांगारा होता. त्याच्या खोडातल्या ढोलीत गेले तीन उन्हाळे एक जोडी येत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती साधी चिमणीच वाटे. काळूरामच्या नजरेला वीण वेगळी दिसली. चोच घरच्या चिमणीपेक्षा बारीक, पंखावर पांढरी रेघ, नराच्या खांद्यावर विटकरी डाग. आणि नरानं मान वर केली की कंठावर कुणीतरी हळदीचं बोट टेकल्यासारखा पिवळा ठिपका. ही रानचिमणी होती.

ठाण्याचे उपासनी सर तालुक्यातल्या पक्ष्यांची यादी करत होते. काळूरामनं त्यांना दोन उन्हाळे फोटो पाठवले. दोन्ही वेळा कार्ड आलं. पक्षी लहान आला आहे, कंठ दिसत नाही, यावरून घरचिमणीची मादीही म्हणता येईल, तेव्हा नोंद घेता येत नाही, क्षमस्व. कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या युनूसनं त्यातलं एक कार्ड वाचलं होतं. तेव्हापासून खिडकीत चिमणी बसली की तो म्हणे, "कालूभाई, देखो, आपकी रिश्तेदार आयी है." काळूराम हसे. पण जन्मभर खोट शोधल्यावर आपण पाहिलेली एक तरी अस्सल गोष्ट कुठेतरी आपल्या नावानं लिहिली जावी, एवढंच त्याला हवं होतं. ते तो कुणाला बोलला नाही.

दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये त्यानं ठरवलं, यंदा पक्षी जवळ आणायचा. राहीबाईच्या दाराच्या चौकटीवर भाताच्या लोंब्यांचं तोरण होतं. कापणी झाली की दरवर्षी ती ते विणून टांगी. दाणे घरातल्या चिमण्यांसाठी. लहानपणी दोघं भावंडं त्याच तोरणाखाली जेवायला बसत, आणि दाणे टिपायला आलेली चिमणी हाताच्या अंतरावर यायची. काळूरामला तेच आठवलं. त्यानं तोरण सोडवलं.

"चिमन्यांचा वाटा हाय त्यो," राहीबाई सूप पाखडता पाखडता म्हणाली. "तू न्हेलास त त्या काय घरात रडत बसतील?"

"तुझ्या चिमण्या खाऊन खाऊन माजल्यात, बाय," तो म्हणाला आणि बांधाकडे निघाला.

ढोलीपासून हातभर अंतरावरच्या फांदीला त्यानं तोरण बांधलं आणि खाचराच्या कडेला दबून बसला. ऊन चढलं. मादी ढोलीतून बाहेर आली नाही. नर मात्र उतरला, लोंबीला लटकला, एक दाणा सोलला आणि मान वर केली. काळूरामनं श्वास धरून बटण दाबलं. मग आणखी तीनदा. तोरण त्यानं तसंच राहू दिलं. खाऊ देत बिचारे, असं त्याला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी तो आला तेव्हा पांगाऱ्यावरचा कलकलाट दोन खाचरांवरून ऐकू येत होता. दहा-बारा घरचिमण्या तोरणाला झोंबत होत्या. ढोलीच्या तोंडाशी काळ्या गळ्याचा एक चिमणा छाती काढून बसला होता आणि आतून वाळलेल्या गवताच्या काड्या लोंबत होत्या. खाली मुळाशी दोन अंडी फुटून पडली होती. मळकट, हिरवट, तपकिरी ठिपक्यांची. मुंग्या लागल्या होत्या.

त्यानं तोरण तोडलं. चिमण्या उडाल्या आणि पुन्हा येऊन बसल्या. दुपारपर्यंत तो बांधावरून फिरला. पिवळा कंठ कुठे दिसला नाही.

घरी आल्यावर त्यानं राहीबाईला सगळं सांगितलं. तिनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "त्यांचा काय दोस? आपल्या घरचं दानं त्या वलखतात. जातील तिथं मागं येतात."

फोटो धुऊन आले. चारांतला एक असा होता की युनूससुद्धा थट्टा विसरला. मान वर, कंठावरचा ठिपका ओल्या हळदीसारखा, आणि कडेला लोंब्यांची एक वेणी. तेवढी कडा कापून फोटो पाठवला असता तर दाणे टांगले होते हे कुणाला कळलं नसतं. कात्री फोल्डिंगच्या टेबलावरच होती.

काळूरामनं खडू घेतला. गुळगुळीत कागदावर तो उमटेना, म्हणून त्यानं युनूसकडून बॉलपेन मागितलं. पिवळ्या ठिपक्याला त्यानं हात लावला नाही. लोंब्यांच्या वेणीभोवती गोल काढला, फोटोच्या पाठीवर फांदी, तोरण, घरचिमण्या आणि फुटलेली अंडी, सगळं तारखांसकट लिहिलं. मग पुन्हा फोटो उलटवला आणि गोलाखाली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या खोटीला, आपला नंबर घातला.

पावसाळ्यात उपासनी सरांची यादी छापून आली. रानचिमणी, खारबाव, एक जोडी, आणि पुढे त्याचं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: त्यानंतर आढळ नाही.